पहाऱ्यावरचा दीर

परीकथेतल्या राजकन्येच्या दिमतीला एक निष्ठावंत सरदार असतोच. अंगात चिलखत, बुडाखाली पांढरा घोडा. आग ओकणारा ड्रॅगन आला की त्याला मारायचं आणि राजकन्येकडून गुलाब घ्यायचा, एवढंच त्याचं काम. असा एक सरदार आमच्या नाशकातही राहून गेला. त्याच्याकडे घोडा नव्हता, चिलखताच्या जागी वल्कलं होती आणि नेमणूक 14 वर्षांची, बिनसुट्टीची. राजकन्या मिथिलेची, नात्यानं वहिनी. त्यामुळे गुलाबाचाही प्रश्न नव्हता.

अंबडहून महामार्गानं पंचवटी गाठली की काळारामाच्या देवळाजवळ सीतागुंफा लागते. आत शिरताना भल्याभल्यांना कमरेत वाकावं लागतं. खर-दूषण 14 हजार राक्षस घेऊन चालून आले, तेव्हा रामानं लक्ष्मणाला सांगितलं, सीतेला घेऊन गुहेत जा. एवढं वाल्मीकींनी लिहिलंय. ती गुहा हीच, हे नाशिककरांचं म्हणणं. म्हणजे अरण्यातली सर्वांत मोठी लढाई बाहेर जुंपलेली आणि हा तापट, लढवय्या गडी आत धनुष्य धरून बसलेला! मोठ्या भावाची आज्ञा होती, तेव्हा ‘मीही येतो’ म्हणायची सोय नव्हती.

पुढे सोन्याचं हरीण आलं. ‘हा मारीच आहे’ हे लक्ष्मणानं पहिल्यांदा पाहताच सांगितलं होतं. ऐकतंय कोण! रामाच्या आवाजात हाक आली, तेव्हाही तो जागचा हलला नाही. मग सीतामाईनं असं काही सुनावलं, की बिचारा वनदेवतांवर भार टाकून, पुन्हा पुन्हा मागे वळून बघत निघाला. वाटेत राम भेटला, त्यानंही विचारलं, तिला एकटी सोडून आलासच कसा? थांबला तर वहिनीचे बोल आणि गेला तर भावाचे. जिच्यामुळे त्याचं नाव रोजच्या बोलण्यात येतं, ती लक्ष्मणरेषा तर वाल्मीकिरामायणात नाहीच. ती पुढच्या लोकांनी त्याच्या नावावर मांडली. चौदा वर्षं तो झोपलाच नाही, असंही लोककथा सांगतात. पण ‘लक्ष्मणजागरण’ असा शब्द काही कोणी रूढ केला नाही. किष्किंधाकांडात सीतेचे दागिने समोर आले, तेव्हा त्याला ओळखता आली ती फक्त पायातली नूपुरं. रोज पाया पडताना तेवढीच दिसायची.

त्याचे वारसदार बघायचे तर अंबडच्या एमआयडीसीत रात्री चक्कर मारावी. तिथं राजकन्या नसते. लेथ मशीन असतं, तांब्याच्या तारेची भेंडोळी असतात, मालाची खोकी असतात. फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर शिट्टी, काठी आणि नोंदवही घेऊन वॉचमन बसलेला असतो. ‘साहेब, तेवढी नोंद करा’ म्हणाला, की गाडीतून उत्तर येतं, ‘मला ओळखत नाहीस का?’ रावण निदान भिक्षा मागत आला होता. हे हॉर्न वाजवत येतात. वर्षभर काही चोरीला गेलं नाही, म्हणून त्याचा कोणी सत्कार करत नाही. एका रात्री चार किलो भंगार कमी भरलं, की पहिलं बोलावणं मात्र त्यालाच. त्याच रात्री मोठ्या साहेबांनी त्याला पान आणायला पिटाळलं होतं, हे कोणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही.

रक्षकानं चोख काम केलं की काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही. ड्रॅगन मारणाऱ्यांची कौतुकं परीकथा करतीलच. आपण एवढंच करावं: फाटकावर अडवलं तर चिडू नये, वहीत नाव नीट वाचता येईल असं लिहावं, गाडीचा नंबर खरा टाकावा आणि त्याचा चहा झालाय का, हे जाता जाता विचारावं.