समुद्र बघायला आलेला गृहस्थ

दीवला येणारा गृहस्थ घरून निघताना सोमनाथला चाललो असं सांगून निघतो, आणि ते खोटं नसतं. राजकोट किंवा अहमदाबादहून आलेली त्याची गाडी खरोखरच आधी सोमनाथला थांबते. तो रांगेत उभा राहतो, हात जोडतो, प्रसाद बांधून घेतो. मुलांसाठी गीरचे सिंहही उरकतो. मग गाडीत बसता बसता, जणू आत्ताच सुचल्यासारखं म्हणतो, ‘एवढं आलोच आहोत, तर दीवला जाऊन समुद्र बघून येऊ.’ समुद्र सोमनाथलाही आहे, देवळाच्या भिंतीशीच आहे, आणि तो सगळ्यांनी नुकताच पाहिलेला असतो. पण गाडीतलं कोणी हे बोलून दाखवत नाही. सुखी कुटुंब म्हणतात ते हेच.

दीव हे सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला खाडीपलीकडे असलेलं, पुलांनी जोडलेलं छोटंसं बेट. 1535 मध्ये पोर्तुगीजांनी इथे किल्ला बांधायला घेतला आणि 1961 च्या डिसेंबरात ते गेले. मधल्या सव्वाचारशे वर्षांचं मोल आपल्या गृहस्थाला फारसं नसतं. त्याच्या लेखी इतिहासाचा निष्कर्ष एकच: दीव गुजरातेत नाही. म्हणजे गुजरातची दारूबंदीही इथे नाही. यावरून लोक घाईघाईने ठरवून टाकतात की हा प्यायला येतो. माझं मत वेगळं आहे. हा दारू प्यायला येत नाही, दारू मागवायला येतो.

पुरावा त्याच्या टेबलावरच मिळतो. हॉटेलात शिरल्यावर तो कोपरा शोधत नाही. रस्त्याकडेचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं टेबल धरतो. मेन्यूकार्ड लग्नपत्रिकेसारखं वाचतो, वरच्या ‘श्री’पासून खालच्या ‘आपले नम्र’पर्यंत. वेटरला भाव विचारतो, आणि वेटर तो मोठ्या आवाजात, अजिबात न दबकता सांगतो हे ऐकून त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते सोमनाथच्या गाभाऱ्यासमोरही पसरलेलं नसतं. एवढं झाल्यावर मागवतो काय, तर एक बियर, आणि तीही मेव्हण्याशी अर्धी-अर्धी. सोबतीला घरून आणलेले थेपले. फोटो निघतो तेव्हा तोच हात लांब करून ग्लास चौकटीबाहेर सरकवतो. दहाला त्याला झोप येते. हे पिणाऱ्या माणसाचं वर्तन नव्हे. खिशात हात घालून, बिल घेऊन, चारचौघांत बसण्याचा जो हक्क इतर बहुतेक राज्यांतल्या माणसाला न मागता मिळतो, तो हा गृहस्थ वर्षातून दोन रात्री भाड्याने घेतो.

यावर कुणी म्हणेल, हा फार कौतुकाचा अर्थ झाला. तहान लागली म्हणून माणूस विहिरीवर येतो, एवढं साधं आहे. पण तहानच खरी असती, तर शेकडो किलोमीटर गाडी हाकायची गरज काय? गुजरातेत दारू मिळत नाही असं फक्त कायद्याला वाटतं. फोन केला की ती दाराशी येते. फक्त ती वर्तमानपत्रात गुंडाळून येते आणि पडदे ओढून प्यावी लागते. घरपोच मिळणारी वस्तू सोडून माणूस एवढा प्रवास करतो, तेव्हा त्याला हवी असलेली गोष्ट बाटलीत नसते. ती पडदा नसलेल्या खिडकीत असते. दुसरा आक्षेप खरा आहे आणि तो मान्यच करायला हवा: सगळेच अर्ध्या बियरवाले नसतात. नागवा किनाऱ्यावर झिंगून पाण्यात उतरणारे आणि वाळूत काचा टाकणारे महाभागही इथे येतात. पण त्यांना हातभट्टीची दिली तरी चालते; ते या चित्रात बसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी उरलेला वेळ तो प्रामाणिकपणे दीवला देतो. फांद्या फुटणारी होका ताडं पाहून ‘ताडाला फांद्या?’ असं सगळेच विचारतात, तसं विचारतो. गंगेश्वरला लाटांनी न्हाऊन निघणारी पाच शिवलिंगं पाहून त्याला विशेष बरं वाटतं, कारण आता दीवही यात्रेत बसतं. फक्त आयएनएस खुखरीच्या स्मारकापाशी त्याचा फोन खिशात जातो. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री ही युद्धनौका याच समुद्रात बुडाली, आणि तिचे कॅप्टन मुल्ला तिला न सोडता तिच्यासोबत गेले. तिथे तो समुद्र बघायला आला होता हे पहिल्यांदा खरं ठरतं.

मराठी वाचकाने इथे फार हसू नये. गुजरातची दारूबंदी ज्या कायद्यावर उभी आहे तो 1949 चा मुंबई राज्याचा, खेर मंत्रिमंडळात मोरारजी देसाई गृहमंत्री असतानाचा. 1960 मध्ये राज्याची वाटणी झाली तेव्हा तो दोघांच्याही वाट्याला आला. गुजरातने तो पाळायचा ठरवला, आपण त्याला पाटीवर लावलं. गल्लोगल्ली ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं, आणि आत बसलेल्या दहांपैकी किती जणांकडे परमिट असतं हे विचारणं असभ्य समजलं जातं. दीवच्या गृहस्थाला निदान कायदा आठवतो. परतीच्या सकाळी तो शेवटच्या घोटापासूनचे तास बोटांवर मोजतो, कारण पिऊन गुजरातेत शिरणं हाही गुन्हाच. बडीशेप चघळतो, डिकी स्वतःच दोनदा तपासतो. सापडण्यासारखं काही नसूनही चेकपोस्टवर पोलिसाला आपणहून सांगतो, ‘साहेब, सोमनाथहून येतोय.’

सोमवारी तो ऑफिसात सगळ्यांना प्रसाद वाटतो. सहकारी तो कपाळाला लावून तोंडात टाकतात, आणि मग खुर्ची जरा पुढे ओढून हळूच विचारतात, ‘दीवला कुठल्या हॉटेलात उतरलात?’