जावयाचा मान आणि विजेची गाडी

गोल्फ या खेळात चेंडू मारण्यास लागणारा वेळ अत्यल्प आणि मारलेल्या चेंडूपर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ प्रदीर्घ असल्यामुळे, हे अंतर पायी कापावे की विजेवर चालणाऱ्या छोट्या गाडीतून, हा प्रश्न खेळाडूंनी, वैद्यांनी आणि एकदा तर न्यायाधीशांनीही गांभीर्याने हाताळलेला आहे. अठरा खळग्यांचे मैदान टीपासून, म्हणजे पहिला फटका जेथून मारतात त्या सपाट जागेपासून, ग्रीनपर्यंत, म्हणजे खळग्याभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीपर्यंत, खळग्यामागून खळगा सरळ मोजत गेले तर साधारण सहा किलोमीटर भरते. परंतु चेंडू सरळ जात नाही आणि एका ग्रीनवरून पुढच्या टीकडेही जावेच लागते, म्हणून चालणाऱ्याची प्रत्यक्षात आठ ते दहा किलोमीटरांची रपेट होते. प्रस्तुत लेखकाचा चेंडू ज्या दिशांना जातो त्या विचारात घेता, त्याच्यापुरते हे अंतर तालुक्याच्या नकाशावर मोजणे अधिक शास्त्रीय ठरेल.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली या विषयावर निकाल दिला आहे. केसी मार्टिन या व्यावसायिक खेळाडूच्या उजव्या पायात रक्ताभिसरणाचा जन्मजात विकार होता आणि त्याने स्पर्धेत गाडी वापरू देण्याची मागणी केली होती; चालण्याने येणारा थकवा हा स्पर्धेचाच भाग असल्याने ती मान्य करता येत नाही, असे स्पर्धा भरविणाऱ्या पीजीए टूरचे म्हणणे होते. सात विरुद्ध दोन अशा बहुमताने न्यायालयाने मार्टिनच्या बाजूने कौल दिला. चालणे हे गोल्फचे मूलतत्त्व नव्हे, असा निर्वाळा देताना न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी जी साक्ष विचारात घेतली तिच्यानुसार, एका पूर्ण डावात चालण्यापोटी सुमारे 500 कॅलरी खर्च होतात, ज्या एका प्रसिद्ध उपाहारगृहसाखळीच्या मोठ्या बर्गरमधून मिळणाऱ्या कॅलरींपेक्षाही कमी आहेत. विरोधी मत नोंदविणारे न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी, खऱ्या गोल्फचे स्वरूप ठरविण्याची पाळी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठावर यावी याबद्दल भरपूर उपहास केला. त्या ग्रंथप्राय निकालपत्रात एका बाबीचा मात्र विचार झालेला नाही, आणि ती म्हणजे खेळाडू जावई असल्यास काय करावे.

मराठी घरांत बडोदे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वडोदरा शहरात हा मुद्दा गौण मानून चालत नाही. वाहनाबद्दलची आस्था गायकवाडांच्या या एकेकाळच्या संस्थानात जुनीच आहे. खंडेराव गायकवाडांच्या कारकिर्दीत, 1862 साली, डभोई ते मियागाम अशी जी अरुंद मापाची रेल्वे सुरू झाली तिचे रूळ इंजिनाचा भार सोसण्याइतके भक्कम नसल्यामुळे तिचे डबे बैल ओढीत असत. म्हणजे चालावयाचे बैलांनी आणि प्रवास करावयाचा माणसांनी, ही व्यवस्था येथे रुळांवर बसविली गेली होती. पुढे सयाजीराव महाराजांनी बांधविलेल्या आणि 1890 साली पूर्ण झालेल्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात राजपुत्रांना शाळेत नेण्याआणण्यासाठी एक छोटी आगगाडी होती. शाळा त्याच आवारात होती, आणि तिच्या इमारतीत आज महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे, ज्यातील राजा रविवर्म्याची चित्रे प्रत्येकाने पाहावीत. याच आवारात प्रतापसिंहराव गायकवाडांनी युरोपीय पाहुण्यांसाठी गोल्फचे मैदान करविले, आणि रणजी सामने खेळलेल्या समरजितसिंह गायकवाडांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्याचे नूतनीकरण करून ते इतरांसाठी खुले केले. पुढील प्रसंग ज्या मैदानावर घडला त्याचे नाव देण्याचे कारण नाही.

प्रस्तुत लेखकाचे मामेसासरे, म्हणजे पत्नीचे मामा, हे दांडिया बाजारात जन्मलेले, निवृत्त अभियंते असून आयुष्यभर पायीच गोल्फ खेळत आलेले गृहस्थ आहेत. गाडीत बसून खेळणाऱ्यांविषयीचे त्यांचे मत लेखी स्वरूपात देणे उचित होणार नाही. तथापि जावई मुंबईहून आलेला, ऑक्टोबरचे ऊन तापलेले, आदल्या रात्री अवकाळी सर येऊन गेलेली, आणि जावयाच्या गुडघ्यांनी सकाळच्या चहापासूनच नापसंती दर्शविलेली, अशा परिस्थितीत त्यांनी तत्त्व बाजूला ठेवून कुलधर्म पाळला व विजेची गाडी सांगितली. ही गाडी चालविण्याचा त्यांना कोणताही पूर्वानुभव नव्हता. जावयाला गाडीत बसवून आपण शेजारी चालत जावे, असा त्यांचा मूळ विचार होता. तो मिरवणुकीसारखा दिसेल, असे कॅडीने, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहून चेंडूचा माग ठेवणाऱ्या सहायकाने, नम्रपणे सुचविल्यावर ते सुकाणूवर बसले आणि कॅडी मागील पट्टीवर उभा राहिला.

गाडीमुळे चालणे वाचते हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. ओल्या मैदानावर गाडीने बांधीव वाट सोडू नये असा दंडक असतो; जमीन थोडी वाळलेली असेल तर काटकोनाचा नियम लावतात, ज्यानुसार गाडी वाटेने चेंडूच्या सरळ रेषेत येईपर्यंत न्यावी, तेथून काटकोनात वळून चेंडूपाशी जावे व त्याच रेषेने परतावे. दंडक लागू असताना खेळाडू वाटेवरच उतरतो, अंदाजाने एक काठी उचलतो, चेंडूपर्यंत चालत जातो, काठी चुकीची निघाल्याचे तेथे पाहतो, परत येतो, दुसरी काठी घेतो आणि पुन्हा जातो. आणि दोघांपैकी एकाचा चेंडू नेहमी डावीकडे व दुसऱ्याचा उजवीकडे जात असल्यास दोघेही गाडी नसती तर चालले असते त्यापेक्षा अधिक चालतात. त्यातही एक मोठे नुकसान होते, ज्याचा उल्लेख आरोग्यविषयक अभ्यासांत आढळत नाही. पायी जाणाऱ्याला वाईट फटका आणि त्याहून वाईट फटका यांच्यामध्ये निमित्त शोधण्यास चार-पाच मिनिटे मिळतात. गाडीतला खेळाडू निमित्ताविनाच पुढच्या फटक्यापाशी येऊन ठेपतो.

त्या दिवशी काटकोनाचा नियम लागू होता आणि मामा नियमांचे कडवे भोक्ते आहेत. जावयाचा चेंडू फेअरवेच्या, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, पलीकडे एका सखल जागी जाऊन पडला असता त्यांनी अभियंत्याच्या अचूकतेने गाडी काटकोनात वळविली आणि त्याच अचूकतेने चेंडूपाशी त्या सखल जागेवर आणून उभी केली. वरून कोरडी दिसणारी काळी माती आतून लोण्यासारखी मऊ होती. मागची दोन्ही चाके बसली. उलटा दट्ट्या दाबताच अशा गाड्यांतून निघणारा अखंड इशारा सुरू झाला. त्याला जवळच्या झाडीतील मोरांनी उत्तर दिले, आणि दोन्ही पक्षांत बराच वेळ संवाद चालला असता गाडीने मात्र आणखी चार बोटे खाली जाण्यापलीकडे काही केले नाही.

प्रस्तुत लेखक उतरू लागला. “जावईबापू, तुम्ही उतरायचं नाही,” मामा म्हणाले. “चिखल आहे.”

“मामा, तुम्ही सत्तरीच्या पुढचे. मी ढकलतो.”

“बडोद्यात जावयानं गाडी ढकलली असं तिकडे आमच्या ताईला कळलं, तर ती काय म्हणेल? तुम्ही स्टिअरिंग धरा.”

अशा रीतीने प्रस्तुत लेखक सुकाणूवर, मामा डाव्या कोपऱ्यास आणि कॅडी उजव्या कोपऱ्यास, अशी रचना झाली, जिच्यात खंडेरावांच्या रेल्वेचे तत्त्व कोणत्याही अभ्यासकाने ओळखले असते. गोल्फमध्ये मागून येणाऱ्या वेगवान खेळाडूंना पुढे जाऊ देण्याचा शिष्टाचार आहे. त्यानुसार मागचे चौघे, सर्व पायी, जवळून गेले. “शुं थयुं, काका?”, म्हणजे काय झाले, असे प्रत्येकाने विचारले, प्रत्येकाने वेगळा सल्ला दिला, आणि बसलेल्या तरण्या गृहस्थाकडे प्रत्येकाने जे पाहिले त्याचे भाषांतर येथे टाळले आहे. जावई या संस्थेची माहिती गुजराती समाजासही असल्याने मामांनी “जमाई छे” एवढाच खुलासा केला, आणि तो सर्वांना पुरला. एकाने पुठ्ठा टाकण्यास सुचविले, दुसऱ्याने बॅटरी उतरविण्यास. तिसऱ्याने स्वतःच्या मोटारीची अशीच हकीगत सांगितली, जिचा शेवट क्रेनने झाला होता.

अखेर गाडी निघाली, पण बॅटरी संपली होती, आणि ती क्लबघरापर्यंत तशीच ढकलत नेणे आले. बांधीव वाट सपाट होती, दुपार व्हावयाची होती, आणि मामा व कॅडी आता विशेष जोर न लावता मागून चालत होते. मागे वळून पाहणाऱ्या प्रस्तुत लेखकास तेव्हा एक गोष्ट दिसली, जी गाडीत बसून दिसावी हे विचित्रच. कॅडी वयाने मामांच्या बराच अलीकडचा, उंच आणि लांब ढांगांचा; मामांची पावले मात्र कमरेच्या दुखण्यापासून आखूड झाली आहेत, आणि या माणसाने आपली पावले नेमकी तेवढीच आखूड करून घेतली होती. दोघांचे पाऊल एकदम पडत होते. ते बोलत नव्हते. मध्येच कॅडीने हाताने एका कडुनिंबाकडे दाखविले, मामा हसले, आणि त्या झाडापाशी केव्हातरी काय घडले होते ते सांगण्याची दोघांनाही गरज भासली नाही. अशा खेळात गाडीवाल्याला कॅडी लागत नाही, असे म्हणणारे बरेच आहेत. त्यांनी या वाटेवर तासभर उभे राहावे.

क्लबघरात पोहोचल्यावर मामांनी हात धुतले, चहा सांगितला आणि पिशवीतून नियमावलीची जुनी आवृत्ती काढली. गाडीच्या चाकाखाली जावयाचा चेंडू मातीत रुतला होता, आणि स्वतःच्या साहित्यामुळे चेंडू हलल्यास एका फटक्याचा दंड बसतो. परंतु दोघांनी मिळून वापरलेली गाडी कोणाचे साहित्य समजावे? जुन्या नियमावलीनुसार, ती दोघांपैकी कोणी हलवीत असेल तर हलविणाऱ्याचे. गाडी चेंडूवर आणली ती मामांनी, असा प्रस्तुत लेखकाचा युक्तिवाद होता. तेव्हा चेंडू चाकाच्या पुढ्यात होता, तो खाली दाबला गेला ढकलताना, आणि तेव्हा सुकाणूवर कोण होते, असा मामांचा प्रतिप्रश्न होता. मग हलविणारा म्हणजे ढकलणारा की बसणारा? कॅडीला साक्षीस बोलाविण्यात आले. त्याने विचार केला आणि सांगितले की त्याने साहेबांना गाडी हलविताना पाहिलेले नाही. साहेब नुसते बसले होते.

ही साक्ष जावयाच्या बाजूची असूनही मामांनी ती उपमर्दकारक ठरवून फेटाळली. गाडी जावईच चालवीत होते, असा निर्णय देऊन त्यांनी गुणपत्रिकेवर जावयाच्या नावापुढे एक दंडाचा फटका मांडला, गाडीचे पूर्ण डावाचे भाडे स्वतः भरले, आणि घरी सेव-उसळ खाण्यासाठी पायी न जाता रिक्षा करण्याचा आग्रह धरला.