न चालणाऱ्या पर्यटकांचे जाहीर आभार

श्री. सहकुटुंब पर्यटक साहेब यांस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, गणपतीपुळ्याच्या वाहनतळावर आपण मोठ्या आवाजात केलेली तक्रार आम्हा गावकऱ्यांच्या कानी आली. ‘रानातल्या तळ्याभोवती बायकापोरांना घेऊन फिरावं, निघालो तिथेच परत यावं, अशी एक धड वाट या अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात नाही,’ असं आपलं म्हणणं. त्या वेळी आपली पाठ नेमकी तसल्याच एका वाटेकडे होती. पण ती हाका मारून गिऱ्हाईक बोलावत नाही, हा दोष सर्वस्वी तिचा.

पुळ्याला टेकडीलाच गणपती मानतात. त्यामुळे देवाला प्रदक्षिणा घालायची तर सबंध टेकडीला वळसा पडतो, साधारण एक किलोमीटरचा. गाभाऱ्याभोवती पाच पावलांत उरकलं असतं, ते पूर्वजांनी उगाच लांबवून ठेवलं. देवळाचं तोंड पश्चिमेला, म्हणून निघताना टेकडी उजव्या हाताला आणि डावीकडे समुद्र. तळ्याऐवजी अरबी समुद्रावर भागवावं लागतं, ही गैरसोय आम्हाला मान्य आहे. पाणीही जरा खारट आहे. पुढे वळण घेतलं की लाटांची गाज मागे पडते आणि झाडी सुरू होते. भर दुपारी अनवाणी निघालात तर फरशी अशी तापलेली असते की भारदस्त काकासुद्धा एका सावलीतून दुसऱ्या सावलीत टुणकन उडी मारतात, आणि मागून येणारी पोरं खिदळतात. मध्येच एखादी आजी कठड्याला टेकते, सुनेला ‘हो तू पुढे’ म्हणते, आणि पाच मिनिटांनी तिलाच मागे टाकून निघून जाते.

हे सगळं आपण पाहिलं नाहीत, त्याबद्दल आपले शतशः आभार. आपण गेला असतात तर खिशातला स्पीकरही गेला असता. वेफर्सची पिशवी गेली असती, ती केलड्यांनी हिसकावली असती, आणि मग ‘इथली माकडं फार माजलीत’ अशी दुसरी तक्रार आम्हाला ऐकावी लागली असती. आपण उंटावर बसून फोटो काढलात, आंबापोळीच्या भावावरून घासाघीस केलीत आणि आरे-वारेच्या वळणावर इंजिन चालू ठेवून निसर्ग पाहिलात. वाट आजीच्या ताब्यात राहिली.

आपल्या मनगटावरचं घड्याळ दिवसाला 10,000 पावलं मागतं, असं कळतं. हा आकडा वैद्यांनी काढलेला नाही. 1965 साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच तो होता. तरी घड्याळाचा मान राखायचाच असेल, तर पुळ्याच्या सात-आठ प्रदक्षिणांत हिशेब चुकता होईल. एवढं जमत नसेल तर तिरुवण्णामलैच्या गिरिवलमचे 14 किलोमीटर किंवा गोवर्धनाचे 21 आहेतच. नर्मदा परिक्रमेला परंपरेने तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस लागतात. तेवढी रजा आपल्याला मिळेल, असं वाटत नाही.

तळंच हवं, असा हट्ट असेल तर धामापूरला जा. ते आज सिंधुदुर्गात मोडतं, पण 1 मे 1981 ला जिल्हा तुटण्याआधी तेही रत्नागिरीतच होतं, तेव्हा आपली तक्रार आम्ही पूर्वलक्षी प्रभावाने निकाली काढत आहोत. 1530 साली, विजयनगरच्या काळात बांधलेला हा तलाव चहूबाजूंनी झाडीने वेढलेला आहे आणि काठावर भगवतीचं देऊळ आहे. 2020 साली त्याचं नाव जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत आलं. गरिबाघरच्या लग्नासाठी हे तळं दागिने उसने देत असे, अशी दंतकथा आहे. परडीत फुलं ठेवून पाण्यात सोडायची, दागिने वर यायचे, कार्य झालं की परत करायचे. मग एका महाभागाने परत केले नाहीत आणि तळ्याने ही योजना कायमची बंद केली. तो महाभाग बाहेरगावचा होता, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. मात्र आपण तिथे पाण्यात सोडाल ते बहुधा फूल नसेल, आणि ते तळं परत करणार नाही, एवढं लक्षात असू द्या.

पुढच्या खेपेला पावसाळ्यात येण्याचा आपला मानस आहे, असं समजलं. अवश्य या. तेव्हा फरशीवर शेवाळ धरलेलं असतं, त्यामुळे न चालायला एक खरंखुरं कारणही मिळेल. मुलांना मात्र पाठवा, ती पडतात आणि उठतात.

कळावे, लोभ आहेच.
आपला,
एक पायी चालणारा रत्नागिरीकर

ता. क. : प्रदक्षिणेच्या वाटेवर गाडी जाते का, असं आपला ड्रायव्हर दुकानात विचारत होता. नाही जात.