पहिल्या तासाची परीक्षा

पहाटे पाचला भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीच्या आसपासच्या रस्त्यांवर पोलीस भरतीची पोरंपोरी धावताना दिसतात. एकाच्या हातात मोबाईलचं स्टॉपवॉच, बाकीचे धापा टाकत त्याच्यापर्यंत पोचतात. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८००. मग १०० मीटर, मग गोळाफेक. मैदानाचे ५० गुण, लेखीचे १००. यातून पार पडणारा खरोखर घाम गाळून आलेला असतो. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती भरतीनंतर आपण त्याला काय शिकवतो याबद्दल.

याच लाखनी तालुक्यातल्या मुरमाडीत फेब्रुवारी २०१३मध्ये तीन लहानग्या बहिणी बेपत्ता झाल्या. दोन दिवसांनी त्यांचे मृतदेह विहिरीत सापडले. पोलिसांनी वेळेत हालचाल केली नाही, म्हणून संतापलेल्या लोकांनी महामार्ग रोखला. अधिकारी निलंबित झाला. तिथे कुणाची छाती किंवा उंची कमी पडली नव्हती. वाया गेले ते सुरुवातीचे तास.

त्याच वर्षी १० मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर आदेश दिला: मूल हरवल्याची तक्रार आली की लगेच गुन्हा नोंदवा, अपहरण झालं असं धरूनच तपासाला लागा. आदेश दिल्लीत निघाला. पाळायचा मात्र रात्री ठाण्याच्या टेबलाशी बसलेल्या शिपायाने. समोर आई उभी असते. रडण्यामुळे शब्द तुटतात, आणि बोलते ती इथल्या झाडीबोलीत. पोरीच्या अंगावर कोणत्या रंगाचा फ्रॉक होता, शेवटी ती कोणाला दिसली, शाळेतून कोणत्या वाटेने यायची, हे तिच्याकडून धीराने काढून घ्यायचं, तिच्याच शब्दांत लिहायचं आणि लिहिता लिहिता बिनतारीवर संदेश सोडायचा. हे अंगच्या हुशारीने येत नाही. शिकवावं लागतं. 'नातेवाइकांकडे बघा, सकाळी या' हे वाक्य जिभेवर येऊ न देणंही शिकवावंच लागतं.

प्रशिक्षण केंद्रात कायद्याचे तास होतात. १ जुलै २०२४पासून नव्या फौजदारी संहिता लागू झाल्या. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं, हद्द कुणाचीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्या. पोरं ते पाठ करतात. पण पाठांतराने हात बसत नाही. परेडमध्ये एक पाऊल चुकलं तर उस्ताद तेच शंभर वेळा करून घेतात. मग तक्रार नोंदवणं शंभर वेळा का करून घेत नाहीत?

केंद्रात एक खोली ठाण्यासारखी मांडा. एकाला टेबलाशी बसवा, दुसऱ्याला हरवलेल्या मुलीचा बाप करा, बाकीच्यांना चुका काढू द्या. मुरमाडीचं प्रकरण धडा म्हणून शिकवा, मुलींची नावं न घेता. आणि बाहेर पडलेल्या शिपायाला थेट बंदोबस्ताला जुंपू नका. पहिलं वर्ष जाणत्या हवालदाराच्या हाताखाली ठाण्यात काढू द्या.

मैदानावर १६०० मीटरची वेळ आपण सेकंदात मोजतो. आई ठाण्याच्या दारात आल्यापासून शोधाला पहिली गाडी निघेपर्यंतची वेळही मोजा, आणि गुण त्यालाही द्या.