मेमध्ये एक, नोव्हेंबरात दुसरा

अमेरिकेत मत दोनदा मागितले जाते. आधी प्रायमरीत पक्षाचा उमेदवार ठरतो, मग नोव्हेंबरात पक्ष एकमेकांसमोर उभे ठाकतात. या दोन मतांच्या मधे बाजू बदलणारा एक इसम तिथे हमखास आढळतो. शेजारी त्याला दलबदलू म्हणतात. तो मात्र आपण जन्मात कधी बदललो नाही असे शपथेवर सांगतो, आणि पुष्कळदा ते खरे असते.

त्याचा अस्सल नमुना वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या मुलखात सापडतो. आजोबा खाणकामगार, युनियनवाले, डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टचे भक्त. म्हणून मतदारयादीत घराण्याची नोंद डेमोक्रॅट. नातू राष्ट्राध्यक्षपदासाठी वर्षानुवर्षे रिपब्लिकनांना मत देतो, पण नोंद बदलायला काही जात नाही. थोडा आळस, थोडा आजोबांचा धाक, आणि उरलेला व्यवहार: गावचा शेरीफ बहुधा डेमोक्रॅटांच्या प्रायमरीतच ठरायचा, नोव्हेंबरात त्याच्यासमोर उभे राहण्याची हौस फारशी कुणाला नसे. शेरीफ ओळखीचा हवा, राष्ट्राध्यक्ष अनोळखी चालतो. मे 2012 मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांवरचा राग काढायला या राज्याच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत सुमारे 41 टक्के मते कीथ जड यांना पडली. हे गृहस्थ तेव्हा टेक्सासच्या तुरुंगात शिक्षा भोगत होते. प्रचाराला येऊ शकत नाहीत, हा त्यांचा मोठाच गुण ठरला असावा. नोव्हेंबरात रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी यांनी राज्यातल्या सगळ्या 55 कौंट्या जिंकल्या.

दुसरा नमुना उपद्व्यापी. शेजारच्या घरात नवरदेव ठरत असेल तर तिथे जाऊन मुद्दाम वाईट स्थळ सुचवावे, तसा हा विरोधी पक्षाच्या प्रायमरीत शिरतो. 2008 मध्ये रेडिओवरचे रश लिंबॉ यांनी ‘ऑपरेशन केऑस’ पुकारून रिपब्लिकनांना हिलरी क्लिंटन यांना मत द्यायला सांगितले होते, हेतू एवढाच की डेमोक्रॅटांचे भांडण लांबावे. याचा गाजावाजा फार, संख्या थोडी.

रुसलेला मतदार मात्र खरा असतो. आपला उमेदवार पडला की तो नोव्हेंबरात सरळ पलीकडे जातो. एका मोठ्या मतदार-पाहणीनुसार 2016 मध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीत हरलेल्या बर्नी सँडर्स यांच्या सुमारे 12 टक्के मतदारांनी पुढे रिपब्लिकन ट्रम्प यांना मत दिले. यातले पुष्कळ जण स्वतःला डेमोक्रॅट म्हणवतच नव्हते. त्यांना सँडर्स हवे होते, पक्ष नव्हे.

कायदाही या इसमाचे लाड करतो. न्यू हॅम्पशायरमध्ये कुठल्याच पक्षाचा नसलेला मतदार हव्या त्या पक्षाची मतपत्रिका घेतो, मत देतो आणि केंद्रातून बाहेर पडण्याआधी एक फॉर्म भरून पुन्हा अपक्ष होतो. मिशिगनमध्ये तर पक्षाची नोंदच नसते.

शेवटचा नमुना सोशिक. वायोमिंग राज्य इतके रिपब्लिकन की खरी निवडणूक ऑगस्टच्या प्रायमरीतच उरकते. तिथल्या डेमोक्रॅटांना नोव्हेंबरपर्यंत थांबून काही मिळत नाही. म्हणून 2022 मध्ये ट्रम्प यांना विरोध करणाऱ्या रिपब्लिकन खासदार लिझ चेनी यांना वाचवण्यासाठी त्यांच्यातल्या अनेकांनी रिपब्लिकन म्हणून नोंद केली. तरी चेनींच्या प्रतिस्पर्धी हॅरिएट हेगमन दुपटीहून जास्त मते घेऊन जिंकल्या. पुढच्याच वर्षी राज्याने कायदा केला: उमेदवारी अर्ज भरायला सुरुवात झाली की प्रायमरी होईपर्यंत पक्ष बदलता येणार नाही. तिथल्या इसमाला आता ऑगस्टमधले मन मे महिन्यातच ठरवावे लागते.