उताऱ्याबाहेरचे नाना

नाना जिल्हा न्यायालयातून नाझर म्हणून निवृत्त झाले, म्हणजे फक्त पगार थांबला. घरात दूधवाल्याचं बिल आलं तरी ते आधी 'बजावणी नीट झाली का' हे बघतात.

भाचीला पदवीनंतर अमेरिकेत कायदा शिकायचाय. त्यासाठीच्या एलसॅट परीक्षेत 35 मिनिटांत चार उतारे वाचून प्रश्न सोडवायचे. "इंग्रजी तुझं, कायदा माझा," म्हणत नाना शेजारी बसले. नेमका उतारा निघाला वकिलांच्या फीचा! अमेरिकेत भरपाईच्या दाव्यांत ही पद्धत सर्रास चालते: दावा जिंकला तर साधारण तिसरा हिस्सा वकिलाचा, हरला तर फी माफ. लेखक म्हणत होता, यामुळे गरिबाला कोर्टाची पायरी चढता येते. मात्र थोड्या रकमेचा दावा घ्यायला वकील राजी नसतो. प्रश्न होता, लेखकाला पुढीलपैकी कोणतं विधान मान्य होईल?

नानांनी तत्काळ 'ब' ठोकला. अशी फी घेणं अनैतिक आहे.

"नाना, असं उताऱ्यात कुठंय?"

"बार काउन्सिलच्या नियमांत आहे! निकालावर फी ठरवायची नाही, मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा नाही. 1954 साली सुप्रीम कोर्टानं हे गैरवर्तन ठरवलंय."

"पण इथे लेखकाचं मत विचारलंय."

"त्याचं वकीलपत्र दाखल आहे का?"

नानांचा कायदा चोख होता, पंचाईत तिथेच होती. अडाणी माणूस निदान उतारा वाचतो. नाना ओळखीचा शब्द दिसेपर्यंतच वाचतात, पुढचं स्वतःच सांगतात. त्या दिवशी तर अपघाताच्या दाव्यांत कोर्टाबाहेरच्या टपरीवर टक्के कसे ठरत, कोण तोंडी कबूल होऊन चेक आल्यावर फिरे, हे त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की मघाची अनैतिकता कुठल्या कुठे गेली. मलाही ऐकावंसं वाटत होतं, हे नाकारत नाही. भाचीची मिनिटं मात्र चालली होती.

तिनं 'ड' लिहिलं: दावा खरा असूनही रक्कम थोडी असेल, तर या पद्धतीतही वकील मिळेलच असं नाही. मागच्या पानावर उत्तर 'ड'च निघालं.

नानांनी चष्मा पुसला, पान उलटसुलट करून पाहिलं.

"एकतर्फी निकाल आहे," ते म्हणाले. "आपल्याला समन्सच बजावलेलं नाही."