मंगा-छाप चित्रांना नाक मुरडावं कसं?

हौशी वेबकॉमिकवर अभिप्राय देणं हे काम नवख्याला उगाचच अवघड वाटतं. चित्र नीट पाहावं लागेल, गोष्ट वाचावी लागेल, मागची दोनशे पानं चाळावी लागतील, असल्या धास्तीने चांगली चांगली माणसं या क्षेत्रात यायची राहतात. धास्तीचं काही कारण नाही. २००० सालच्या सुमारास अमेरिकेतल्या पोरापोरींनी घरच्या स्कॅनरवरून आपापल्या चित्रकथा इंटरनेटवर चढवायला सुरुवात केली, तेव्हाच तिथल्या जाणकारांनी यावर रामबाण उपाय शोधून ठेवला. पात्राचे डोळे टपोरे आणि हनुवटी टोकदार दिसली, की ‘मंगाची नक्कल’ एवढं लिहायचं आणि पुढच्या चित्राकडे वळायचं. एका चित्राला लागणारा वेळ: एक जांभई. ही पद्धत आज पाव शतक विनातक्रार चालू आहे. तिची रीतसर मांडणी मराठीत कुठे झालेली नाही, म्हणून हा प्रपंच.

पहिली अट कडक आहे. मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचायचा नाही. वाचलात तर हात थरथरू लागेल. कात्सुहिरो ओतोमोच्या ‘अकिरा’त (१९८२-९०) माणसांचे डोळे माणसांच्या मापाचेच आहेत. माचिको हासेगावाबाईंची ‘साझाए-सान’ ही घरगुती पट्टी १९४६ साली सुरू झाली ती १९७४ पर्यंत चालली. तिच्यातले डोळे म्हणजे निव्वळ ठिपके. शिगेरू मिझुकीच्या भुताखेतांच्या गोष्टींत मागचं रान फोटोसारखं बारकाईने रेखलेलं, आणि त्यात उभा असलेला माणूस मात्र शाळकरी पोराने पाटीवर काढावा तसा. असलं दोन-चार ठिकाणी डोळ्यांखालून गेलं, की ‘मंगाची शैली’ म्हणजे नेमकी कुठली, असा प्रश्न पडतो. प्रश्न पडलेला परीक्षक कुठल्याच कामाचा राहत नाही.

डोळ्यांच्या वंशावळीतही शिरू नका. ते टपोरे डोळे मंगात रुजवले ओसामू तेझुकाने. लहानपणी त्याच्या घरी वडिलांनी प्रोजेक्टर आणला होता, आणि त्यावर हे पोरगं मिकी माऊस, बेटी बूप असली अमेरिकन कार्टूनं बघत बसायचं. पुढे वैद्यकीचं शिक्षण घेता घेता चित्रकथा काढू लागलं, तरी डोक्यात डिस्ने होताच. ‘बॅम्बी’ त्याने थिएटरात जाऊन जाऊन इतक्यांदा पाहिला की अखेर त्याचाही मंगा काढला. १९५२ मध्ये त्याचा यंत्रपुत्र ‘ॲस्ट्रो बॉय’ जन्माला आला, १९६३ मध्ये त्याची मालिका झाली आणि त्याच वर्षी ती अमेरिकेच्या टीव्हीवर लागली. आपणच कुणाच्या तरी लग्नात दिलेला लेमन सेट चार घरं फिरून, वरचा कागद बदलून, आपल्याच घरच्या मुंजीत आहेर म्हणून परत यावा, आणि आपण ‘काय बाई लोकांची आवड!’ म्हणून तोंड वाकडं करावं, तसली ही गत आहे. तोंड वाकडं करायचंच आहे, फक्त कागद सोडून बघायचा नाही.

आता मुख्य सिद्धान्त. नामवंताने घेतला तर तो ‘प्रभाव’, हौशी माणसाने घेतली तर ती ‘नक्कल’. आपला तो बाब्या, हे तत्त्व कलासमीक्षेत इतकं स्वच्छ क्वचितच पाहायला मिळतं. वेंडी पिनीने १९७८ पासून ‘एल्फक्वेस्ट’ हे कॉमिक काढलं, त्यात तेझुका दिसतो: प्रभाव. फ्रँक मिलरने १९८३ मध्ये ‘रोनिन’ काढलं, त्यात जपानी सामुराई-कथांची अख्खी चाल आहे: प्रगल्भ प्रभाव. व्हॅन गॉगने तर १८८७ मध्ये पॅरिसात बसून हिरोशिगेची पावसातल्या पुलाची छापचित्रकृती थेट समोर ठेवून रंगवली, आणि चौकटीच्या कडेने दुसऱ्या चित्रांवरून उतरवलेली, स्वतःला ओ की ठो न कळणारी जपानी अक्षरं भरली: हा तर इतिहास. ओहायोतल्या सोळा वर्षांच्या मुलीने दार आपटल्याचा आवाज जपानी अक्षरांत लिहिला, तर मात्र तिला भाषा तरी येते का, असं कडक शब्दांत विचारायचं. व्हॅन गॉगला कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

याच सिद्धान्तातून काही सवलती निघतात, त्या तोंडपाठ असाव्यात. दोन तरुण सोफ्यावर बसलेत, हातात गेमचा कंट्रोलर, शेवटच्या चौकटीत एक शिवी: १९९८ मध्ये ‘पेनी आर्केड’ हे वेबकॉमिक आलं, त्यानंतर या सोफ्याच्या किती आवृत्त्या निघाल्या त्याला गणती नाही. त्यांना नक्कल म्हणायचं नाही. तो ‘प्रकार’ आहे. रायन नॉर्थ २००३ पासून ‘डायनोसॉर कॉमिक्स’मध्ये दर वेळी त्याच सहा चौकटी वापरतो आणि फक्त फुग्यांतले शब्द बदलतो, ती ‘संकल्पना’. (मला स्वतःला ती फार आवडते, पण मुद्दा तो नाही.) ‘एक्सकेसीडी’तली माणसं म्हणजे काड्या, ती ‘साधेपणाची ताकद’. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ‘बॉब अँड जॉर्ज’. २००० साली सुरू झालेल्या या कॉमिकने मेगा मॅन या जपानी गेममधली पात्रं ठिपक्या-ठिपक्यासकट जशीच्या तशी उचलली, आणि बघता बघता तसल्या कॉमिकांची रांग लागली. जपानी चित्र सबंध उचललं तर तो विनोद. जपानी चित्र पाहून स्वतःच्या हाताने नवं काढलं, की चोरी. यातली संगती शोधू नये. परंपरा असल्या गोष्टींवरच टिकून असतात.

आता प्रत्यक्षात एक पान हाताळून पाहू. नमुना म्हणून त्या ओहायोच्या मुलीचंच घ्या. शाळेची गच्ची आहे. ओहायोच्या शाळांच्या गच्चीवर कोणी जात नाही, तरी आहे. नायिकेच्या अंगावर खलाशी कॉलरचा गणवेश. केसांची झुलपं एका डोळ्यावर आलेली, कारण दोन डोळे एकसारखे काढणं जमत नाही. दोन्ही हात पाठीमागे. पुढच्या चौकटीत हात खिशात. तिसरीत ती कठड्याला टेकलीय आणि हात कठड्यामागे गेलेत. सूर्य तिच्या पाठीशी आहे, तरीही बुबुळांत दोन-दोन पांढरे चकाके आहेत. सगळे चेहरे किंचित डावीकडे वळलेले, कारण उजव्या हाताने काढणाऱ्याला तीच बाजू सोपी जाते. मित्र आला तर त्याचाही चेहरा तोच, फक्त केस निळे. मागे शाळा नाही, गाव नाही. गुलाबी रंगातून जांभळ्यात विरघळणारा एक पडदा आहे आणि त्यावर चेरीच्या पाकळ्या. संकोच दाखवायचा म्हणून कपाळावर घामाचा टपोरा थेंब.

इथे परीक्षकाची खरी कसोटी आहे. पान नीट पाहिलंत तर तोंडून भलतंच काही निघून जाईल. ‘बाळ, हात का लपवतेस? आरशासमोर बस आणि स्वतःचा हात वीस वेळा काढ.’ किंवा, ‘तो घामाचा थेंब पुसून टाक, आणि संकोचलेला माणूस खांद्यांचं काय करतो ते बसस्टॉपवर जाऊन बघ.’ असं बोललात, तर ती पोरगी खरोखरच बसस्टॉपवर जाईल. चार महिन्यांनी तिच्या पानावर एक बरा हात उगवेल, मागे ओहायोतला एखादा पेट्रोल पंप येईल, डोळे मात्र टपोरेच राहतील, आणि मग तुम्ही काय लिहिणार? तेव्हा हात, खांदे, पडदा यांतलं काहीही दिसू देऊ नका. ‘मंगाची नक्कल’ लिहा. फारच आग्रह झाला तर ‘आधी ॲनॅटॉमी शीक’ एवढं जोडा. कशाची, कुठली, ते सांगू नका.

शिवाय ती मुलगी जपानचं अनुकरण करते हेही तितकंसं खरं नसतं, पण तो तपशील दाबून ठेवावा. तिने चित्र शिकलंय ते बहुधा मॉलमधल्या पुस्तकावरून. क्रिस्टोफर हार्ट या अमेरिकन लेखकाचं ‘मंगा मेनिया’ २००१ मध्ये आलं आणि मग त्याच मासल्याच्या पुस्तकांनी दुकानांचे कप्पे भरले. अंडाकृती काढा, मधोमध फुली मारा, फुलीवर डोळे बसवा. म्हणजे अमेरिकन पोरगी अमेरिकन पुस्तकातून अमेरिकन डोळ्यांची जपानी आवृत्ती गिरवते, आणि अमेरिकन परीक्षक तिला परकीय म्हणतो.

दुसऱ्या बाजूच्या चित्रकारांनाही थोडं मार्गदर्शन हवं. पण थोडंच, कारण ती मंडळी मुळातच तयारीची असतात. कोणी काहीही म्हणालं तरी ‘ही माझी स्टाईल आहे’ असं उत्तर द्यायचं. गुडघा उलटा वाकलाय? स्टाईल. सहा बोटं? स्टाईल. बाण वर्मी लागलाच तर ‘तुम्हाला जपानचा द्वेष आहे’ म्हणायचं. मग हाताचा विषय आपोआप मागे पडतो. परीक्षकाला चित्र पाहायचं नसतं, चित्रकाराला दाखवायचं नसतं. छत्तीस गुण जुळलेलं असं जोडपं विवाहमंडळांनाही सापडत नाही.

एखादं मंगा-वळणाचं कॉमिक चुकून गाजलंच, तर घाबरू नका. ‘मेगाटोक्यो’चं उदाहरण समोर आहे. ऑगस्ट २००० मध्ये फ्रेड गॅलघर आणि रॉडनी कॅस्टन यांनी ते सुरू केलं. गॅलघर पेशाने वास्तुविशारद. शाईच्या वाटेला न जाता तो पेन्सिलीचंच चित्र चढवायचा, आणि आपल्याला चित्र येत नाही असं वाचकांना वरचेवर सांगायचा. २००२ मध्ये दोघांची फारकत झाली, तरी ते चालू राहिलं आणि डार्क हॉर्स या प्रकाशनाने पुस्तकरूपात काढलं. अशा वेळी वाचक अडाणी आहेत असं म्हणावं. त्याहून अवघड प्रसंग ‘स्कॉट पिलग्रिम’ने आणला (२००४-१०), कारण ब्रायन ली ओमॅलीचं ते पुस्तक जाणकारांनाही आवडून बसलं. तिथे डोळे टपोरे, वेगाच्या रेषा, सगळंच. त्यावर तोड एका ओळीत निघाली: हा मंगा नाहीच, हा ‘इंडी’.

उजवीकडून डावीकडे वाचायच्या इंग्रजी कॉमिकवर मात्र मनसोक्त हसा, तिथे मीही तुमच्याबरोबर आहे. पूर्वी अमेरिकेत मंगा छापताना पानं आरशातल्यासारखी उलटवत; त्यामुळे सगळे सामुराई डावखुरे व्हायचे आणि किमोनोचा पदर जपानमध्ये प्रेताला नेसवतात तसा पडायचा. २००२ मध्ये टोक्योपॉप या प्रकाशनाने पानं मूळ दिशेनेच छापायचं धोरण जाहीर केलं. ते ठीकच झालं. पण मग हौशी मंडळींनी स्वतःचं, इंग्रजीत लिहिलेलं कॉमिकही उजवीकडून सुरू केलं. फुग्यातली ओळ डावीकडून उजवीकडे आणि फुगे उजवीकडून डावीकडे. वाचणाऱ्याची मान टेनिसच्या सामन्यातल्यासारखी.

वादात कोणी आपल्याकडची उदाहरणं काढली, तर ऐकू न आल्यासारखं करावं. आर. के. लक्ष्मण आणि बाळासाहेब ठाकरे, दोघांच्याही ब्रशावर डेव्हिड लोची छाया होती आणि दोघांनीही ती कधी लपवली नाही. हा लो न्यूझीलंडचा, गाजला लंडनमध्ये. म्हैसूरच्या लक्ष्मणना त्याची सहीसुद्धा नीट लागत नव्हती. कितीतरी दिवस ते ती ‘काऊ’ अशीच वाचत होते. ‘लो-छाप’ म्हणून त्यांना कोणी हाकलून दिलं असतं तर मराठी घरांतल्या सकाळच्या चहाचं काय झालं असतं, हा विचार परीक्षकाने करू नये. तसंच २००७ पासून जपानचं परराष्ट्र खातं परदेशी चित्रकारांना मंगासाठी दरवर्षी बक्षीस देतं, याचाही उल्लेख टाळावा. ज्याची नक्कल झाली म्हणून आपण ऊर बडवतो, तोच हार घेऊन उभा आहे हे दृश्य बरं दिसत नाही.

शेवटची सूचना तातडीची आहे. मंगाला नाक मुरडण्याचे दिवस सरत आलेत. पंधरा वर्षांमागे हिणवली गेलेली मुलं आता संपादकाच्या खुर्चीत बसलीत. बाजारात नवा माल आलाय कोरियाचा: फोनवर अंगठ्याने खाली खाली सरकवत न्यायचा वेबटून. तिथल्या नेव्हर कंपनीची इंग्रजी वेबटून-सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, आणि २०२२ मध्ये रेचल स्माइदच्या ‘लोर ऑलिंपस’ या वेबटूनला कॉमिकांसाठीचा आयस्नर पुरस्कारही मिळाला. हौशी चित्रकार त्या वळणावर गेलेच आहेत: टोकदार हनुवटी, चकचकीत ओठ, दोन चौकटींमध्ये हातभर रिकामी जागा. तेव्हा जुनाच मजकूर काढा, ‘मंगा’च्या जागी ‘वेबटून’ घाला आणि कामाला लागा. भर म्हणून हेही लिहिता येईल की मंगावाल्या पोरांच्या हातात निदान रेषा तरी होती, रात्र रात्र जागून शाईची मेहनत तरी करायची बिचारी. फक्त हे लिहिण्याआधी स्वतःचे २००५ चे अभिप्राय पुसून टाका.